अव्वा, पायमोजे आणि निकोसियाची प्रदक्षिणा

मी भूगोलाची बाई. सव्वीस वर्षं सोलापुरातल्या एका शाळेत पोरांना नकाशा कसा वाचायचा ते शिकवलं. चुकलं की पट्टी नाही मारली, पण शब्द मात्र सणसणीत हाणले. म्हणून आधीच सांगते, या लेखात एका नकाशापायी माझी जी फजिती झालीय, ती वाचून माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी दात काढायचे नाहीत. काढलेच तर मला कळू द्यायचं नाही.

माझा धाकटा भाऊ महांतेश तीन वर्षांपासून सायप्रसची राजधानी निकोसिया इथे नोकरीला आहे. दर रविवारी त्याचा फोन, "अक्का, अव्वाला घेऊन ये की." अव्वा म्हणजे आमची आई. आमच्या घरात मराठी आणि कानडी एकाच ताटात वाढलेली असते, त्यामुळे आई ती अव्वा, वडील ते अप्पा. आणि दर रविवारी अव्वाचं ठरलेलं उत्तर, "मला कुटं न्यायलीस? मी हितंच बरी हाय."

ती 'हितंच' का होती, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. सोलापूरकरांना ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी सांगते. सिद्धेश्वरांनी आमच्या शहराभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली, असं आम्ही मानतो. संक्रांतीच्या आदल्या दिवशी नंदीध्वज निघतात आणि या सगळ्या लिंगांना तेल लावत शहराची प्रदक्षिणा होते. अप्पा दरवर्षी पांढरी बाराबंदी घालून अनवाणी चालायचे, आणि त्यांच्या मागे अव्वा, हातात तेलाची वाटी घेऊन. शेवटच्या वर्षी एका बोळातल्या लिंगापाशी अप्पांच्या छातीत दुखायला लागलं. ते कट्ट्यावर टेकले. म्हणाले, "थोडं बसतो, मग जाऊ. अर्धी नको राहायला." अव्वाने ऐकलं नाही. रिक्षा बोलावली आणि त्यांना मागे फिरवलं. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात अप्पा गेले.

तेव्हापासून अव्वाचं एकच वाक्य. "मीच मागं फिरवलं. त्यांची प्रदक्षिणा माझ्यामुळं अर्धी राहिली." डॉक्टरांनी सांगितलं, नातेवाइकांनी सांगितलं, मी तर भांडून सांगितलं. उपयोग शून्य. पुढच्या दोन्ही संक्रांतींना नंदीध्वज आमच्या गल्लीवरून गेले आणि अव्वाने दाराला आतून कडी घातली. माझ्या जिवाला तो एकच घोर होता.

शेवटी महांतेशने डोकं चालवलं. न विचारता दोघींची तिकिटं काढली आणि सांगितलं, "आता रद्द केली तर एक रुपया परत मिळत नाही." जन्मभर आडत दुकानदाराचा संसार केलेली बाई ती. असलं नुकसान तिला कसं सोसणार? दोन दिवस आम्हा दोघांना शिव्या घालून तिसऱ्या दिवशी ती भाकऱ्या कडक करायला बसली.

जायचं कसं

सोलापूर ते मुंबई रेल्वे, मुंबईहून आखातात विमान बदलून सायप्रसचं लार्नाका. निकोसियाला स्वतःचा चालू विमानतळ नाही. जुना होता तो दोन बाजूंच्या मधल्या पट्ट्यात अडकून बंद पडला. व्हिसाचे नियम बदलत असतात, तेव्हा माझ्या भरवशावर राहू नका, निघण्याआधी स्वतः बघा. आम्ही नोव्हेंबरात गेलो. हवा आपल्याकडच्या दिवाळीनंतरच्या सकाळसारखी, एका स्वेटरात भागतं. दूध, खवा, तूप असलं काही सामानात नेऊ नका, काढून घेतात. आमच्याकडे कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती. लार्नाकाच्या अधिकाऱ्याने भाकरी हातात घेतली, उलटसुलट केली आणि बोटाने वाजवून बघितली. "हे काय आहे?" मी म्हटलं, "ब्रेड." त्याने परत एकदा वाजवली आणि हसत पिशवीत ठेवली. अव्वा म्हणाली, "त्याला एक द्यायची हुती की."

विमानतळावरून निकोसियाला थेट बस आहे. माणशी आठ-नऊ युरो, तासाभराच्या आतबाहेर. टॅक्सीवाले त्याच्या पाच-सहा पट मागतात, त्यांच्याकडे बघूच नका.

पहिला दिवस: वरून बघितलेलं शहर

जुनं निकोसिया एका दगडी तटाच्या आत आहे. व्हेनिसच्या लोकांनी बांधलेला हा तट अगदी गोल, आणि त्याला अकरा बुरूज. महांतेशची खोली तटाच्या आत, पूर्वेकडच्या फामागुस्ता वेशीजवळ. घरं बुटकी, लाकडी सज्जांची. रस्त्याकडेला संत्र्यांची झाडं. संत्री कडू असतात, तोडून खाऊ नका, मी खाल्लंय.

संध्याकाळी महांतेश आम्हाला लेड्रा स्ट्रीटवर घेऊन गेला. हा पायी चालायचा बाजाररस्ता. तिथल्या एका उंच इमारतीवर तिकीट काढून जाता येतं आणि सगळं शहर दिसतं. समोर डोंगर, डोंगराच्या उतारावर रंगवलेला अवाढव्य झेंडा. दक्षिणेत ग्रीक बोलणारे लोक, उत्तरेत तुर्की बोलणारे. पन्नासहून अधिक वर्षं झाली, दोघांच्या मधून रेषा गेली आहे. एका शहरात दोन कारभार, दोन चलनं. रेषा म्हणजे नुसती रेघ नव्हे, ओसाड घरांचा पट्टा. छपरं बसलेली, खिडक्यांतून झाडं आलेली.

अव्वा बराच वेळ त्या पट्ट्याकडे बघत होती. "ती घरं कुणाची?"

"ज्यांची होती त्यांची," मी म्हटलं.

"मग ती माणसं कुटं हायत?"

काहीजण इकडे, काहीजण तिकडे, असं काहीतरी मी पुटपुटले.

घरी आल्यावर महांतेशने टेबलावर शहराचा नकाशा पसरला. अव्वाने चष्मा लावला आणि तटावरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा. "सगळं गाव गोल हाय की रं! किती चालायचं?"

मी मोबाइलवर मोजलं. "पाचेक किलोमीटर."

"मग उद्या प्रदक्षिणा घालू."

मी आणि महांतेशने एकमेकांकडे बघितलं. तीन वर्षं होत आली, तो शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नव्हता. मला इतका आनंद झाला की मी उडीच मारली. "घालू की! त्यात काय! पश्चिमेला पलीकडे जायचा नाका आहे, तिथून उत्तरेत शिरायचं आणि फिरून परत इथेच." महांतेशची सकाळी लवकर मीटिंग होती. त्याने नकाशा नीट बघितला नाही. आणि मी, सव्वीस वर्षं सूची वाचा, सूची वाचा म्हणून ओरडणारी बाई, मीही सूची वाचली नाही.

दुसरा दिवस: प्रदक्षिणा

सकाळी नऊ वाजता फामागुस्ता वेशीपाशी अव्वाने चपला काढून पिशवीत टाकल्या.

"अव्वा! हा युरोप आहे! काच लागेल, थंडी बाधेल!"

"चपला घालून प्रदक्षिणा घालत्यात व्हय?"

पाच मिनिटं कडाक्याचं भांडण झालं. शेवटी महांतेशचे जाड लोकरी पायमोजे घालायला ती तयार झाली. राखाडी रंग, त्यावर हरणं विणलेली. हिरवं इरकल नेसलेली, कपाळाला विभूती, पायात हरणांचे पायमोजे. येणाराजाणारा वळून बघत होता. मी चार पावलं मागून, आपला काही संबंध नाही अशा चेहऱ्याने.

तट उजव्या हाताला ठेवून निघालो. चालायला हा रस्ता फार छान आहे. तटाखालच्या जुन्या खंदकात आता बागा, फुटबॉलची मैदानं, गाड्यांचे तळ. वाटेत एलेफ्थेरिया चौक लागतो, पांढऱ्या काँक्रीटचे वळसेच वळसे. अव्वा म्हणाली, "लई खर्च केलाय." प्रत्येक बुरुजापाशी ती थांबायची, दगडाला हात लावायची, मग कपाळाला. बुरूज मोजायचं काम माझ्याकडे.

पाच बुरूज झाले की पाफोस वेस येते. तिथून जरा पुढे लेड्रा पॅलेसचा नाका. पासपोर्ट जवळ हवाच. दक्षिणेच्या खिडकीत एका मुलीने पासपोर्ट बघितले आणि सोडलं. मग सात-आठ मिनिटं मधल्या पट्ट्यातून चालायचं. गोळ्यांच्या खुणा असलेलं जुनं हॉटेल, संयुक्त राष्ट्रांच्या गाड्या, तारेची कुंपणं. फोटो काढायला बंदी असते तिथे खरंच काढू नका. या पट्ट्यातही एक कॅफे आहे, कॉफी झकास. साखर बेताची हवी तर 'मेत्रिओ' म्हणा. तीच कॉफी उत्तरेत 'ओर्ता' म्हणून मागायची. चवीत मला तरी काही फरक कळला नाही.

मला भूक लागली होती. अव्वा म्हणाली, "प्रदक्षिणा हुईस्तोवर खायचं न्हाय. कॉपी चालंल."

उत्तरेच्या खिडकीतल्या माणसाची नजर थेट पायांवर. "बूट कुठे आहेत?" इंग्रजीत त्याने विचारलं. मी म्हटलं, "आमच्यात अशी रीत आहे. गावाला पायी फेरी घालायची, देवासाठी." त्याने शेजारच्याला हाक मारली. मला वाटलं, झालं, आता चौकशी. पण दोघांनी खिडकीतून वाकून अव्वाचे पायमोजे बघितले आणि छातीवर हात ठेवून मान लववली. अव्वानेही हात जोडले.

उत्तरेत लिरा चालतो, पण युरोही घेतात. गल्ल्या त्याच, सज्जे तेच, नुसत्या पाट्या बदलतात. किरेनिया वेशीपाशी मी अव्वाची नजर चुकवून तीळ लावलेलं गोल पावाचं कडं घेतलं आणि तटाआड उभी राहून खाल्लं. पन्नाशीच्या बाईने आईपासून लपून खाणं, काय म्हणावं! बाहेर आले तर अव्वा म्हणाली, "तीळ पूस तोंडावरचं. आन् नडी." नडी म्हणजे कानडीत चल.

सात, आठ, नऊ, दहा. "आता एकच राहिला," मी उत्साहाने म्हणाले. एका अरुंद गल्लीत वळलो. आणि गल्ली संपली.

समोर पत्रे, पिंपं, वर काटेरी तार आणि सैनिकाचं चित्र असलेली लाल पाटी. मी मोबाइल काढला, नकाशा मोठा केला. अकरावा बुरूज होता की, तिथेच होता, पण तो मधल्या बंद पट्ट्यात. त्याच्यावर बारीक तुटक रेघ. पूर्वेच्या बाजूला नाकाच नाही. जिथून सकाळी निघालो ती वेस त्या पत्र्यांच्या पलीकडे काही मिनिटांवर, आणि जायला वाट नाही.

अख्ख्या जगात फिरायला शहरं काय कमी आहेत? पण मी माझ्या आईला नेमक्या त्या शहरात आणलं होतं जिथली प्रदक्षिणा पुरी होत नाही. स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटली.

"काय झालं?" अव्वाने विचारलं.

"वाट बंद आहे, अव्वा. माझं चुकलं. मी नीट बघितलं नाही." मग घाईघाईने, "पण गावाच्या मधून लेड्रा स्ट्रीटवरून जाता येतं, वीस मिनिटांत..."

"मदनं? गाभाऱ्यातनं? प्रदक्षिणा अशी कोण घालतं?" ती हळू आवाजात म्हणाली. "ही बी अर्धीच राहिली म्हण की."

तिचा चेहरा बघवेना. तिथल्याच एका दुकानाच्या दारात सत्तरीचा एक म्हातारा खुर्च्या विणत बसला होता. लाकडी चौकट, त्यावर सुक्या गवताची दोरी. त्याने उठून एक नवी खुर्ची अव्वापुढे ठेवली. अव्वा बसली. सोलापूरची असल्यामुळे बसताबसता बोटांनी वीणही तपासली. "घट्ट हाय," असा निकालही दिला.

म्हाताऱ्याने ऐन उमेदीची वर्षं लंडनमध्ये काढली होती, इंग्रजी चांगलं बोलायचा. "कुठे जायचंय?" त्याने विचारलं.

"फामागुस्ता वेस."

त्याने हनुवटीने पत्र्यांकडे दाखवलं. "ती बघा, तिथेच आहे. लहानपणी मी पळत जायचो. आता मोठा वळसा."

"ही रेषा नेमकी इथूनच का काढली?" मी चिडूनच विचारलं. खरं तर राग माझाच मला आला होता.

"त्याआधीपासून इथे काहीतरी वाहतच होतं," तो म्हणाला. "फार पूर्वी या गावाच्या मधून नदी जायची. तट बांधणाऱ्यांनी नदी बाहेर वळवली. राहिलेल्या पात्रात गावाचं सांडपाणी. मग ते बुजवून वर बाजाराचा रस्ता केला. माझा बाप याच रस्त्याला बसायचा. रेषा बरीचशी त्या जुन्या पात्रावरूनच गेलीय. पाणी पश्चिमेकडून यायचं आणि इथून, वेशीकडून बाहेर पडायचं."

अव्वाने माझा पदर ओढला. "काय म्हणायलाय?"

मी सगळं मराठीत सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "परत सांग. पाणी कुटनं बाहीर पडायचं?"

"इथूनच. या बाजूनं."

अव्वा खुर्चीतून उठली. पत्र्यांकडे बघितलं, मग आलो त्या गल्लीकडे. "आगं, मग ही पन्हळ हाय की!"

"कसली पन्हळ?"

"भूगोल शिकीवतीस आन् एवडं कळंना? म्हादेवाच्या देवळात गोल फिरतीस का कदी? पिंडीचं पाणी जितनं बाहीर पडतं ती पन्हळ वलांडायची न्हाय. तितपतुर जायचं, नमस्कार करायचा, आन् आल्या वाटंनं मागं फिरून दुसऱ्या अंगानं परत पन्हळीपतुर यायचं. तीच म्हादेवाची प्रदक्षिणा. मागं फिरल्याबिगर ती पुरी हुतच न्हाय."

शेवटचं वाक्य तिने पुन्हा एकदा, पुटपुटत म्हटलं. मग पत्र्यांना हात जोडले आणि पिशवीतून दोन कडक भाकऱ्या आणि चटणीची पुडी काढून म्हाताऱ्याच्या हातात ठेवली.

"नडी."

"कुठे?"

"मागं. सगळी फिरून. पलीकडच्या अंगानं पन्हळीपतुर."

तर वाचकहो, आम्ही तो अख्खा तट परत उलटा चाललो. दहा बुरूज. परत किरेनिया वेस, परत तोच नाका. खिडकीतल्या माणसाने या वेळी पासपोर्टाआधी पायमोजे बघितले, टाचेला भोक पडलं होतं. फामागुस्ता वेशीवरून पुढे पत्र्यांच्या अलीकडच्या अंगाला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. माझ्या पायांचे तुकडे पडले होते. अव्वाने नमस्कार केला, चपला घातल्या आणि म्हणाली, "भूक लागलीया."

महांतेश आम्हाला जवळच्या खाणावळीत घेऊन गेला. शाकाहारी लोकांनी इथे मुळीच घाबरू नये. पालेभाजीत शिजवलेली चवळी, वर लिंबू आणि ऑलिव्हचं तेल. भाजलेलं हालुमी चीज. गव्हाच्या दलियाची खिचडी. तिघांचं तीसेक युरोत पोटभर होतं. अव्वाने चवळीवर शेंगाचटणी पसरली आणि दोनदा मागून घेतली. मग एकदम विचारलं, "शैला, अप्पा कुटल्या लिंगापासनं मागं फिरले, तुला ध्यानात हाय?"

"हाय," मी म्हटलं.

तिसरा दिवस आणि परत

तिसऱ्या दिवशी लेड्रा स्ट्रीटच्या नाक्यावरून उत्तरेत गेलो, सरळ मधून, चपला घालून. जुन्या मोठ्या चर्चची झालेली मशीद बघितली. डोकं झाकायला पदर पुरतो. आत पांढऱ्या कमानी, खाली गालिचे, फार शांत वाटतं. शेजारी जुनी सराय आहे, चौकाभोवती दोन मजली खोल्या आणि त्यांत कारागिरांची दुकानं. दोन तास हाताशी ठेवा. उत्तरेतून दक्षिणेत खाण्याच्या वस्तू आणताना नियम विचारून घ्या, आमचा हलव्याचा डबा उघडून बघितला. त्यानंतर चार दिवस समुद्र, डोंगर, गावं बघितली. सगळं सुंदर. त्याबद्दल बाकीच्यांनी पुष्कळ लिहिलंय.

सोलापूरला परतलो. डिसेंबर गेला. संक्रांतीला चार दिवस असताना अव्वा सकाळी तेलाची वाटी घेऊन दारात उभी. "येतीस का?"

"नंदीध्वज तर अजून निघायचेत."

"तवा लई गर्दी आस्ती. मला उलटं जायचंय."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. अडुसष्टाव्या लिंगापासून आम्ही उलट्या दिशेने निघालो. दोघीही अनवाणी, या वेळी मी हूं की चूं केलं नाही. प्रत्येक लिंगाला तेल, हळदीकुंकू, नमस्कार. एका गल्लीत ओळखीच्या बाईने हटकलंच, "अव्वा, उलट्या कुटं निघालाव?"

"इकडच्या अंगाची राहिलीया," अव्वा म्हणाली.

दुपारी त्या बोळात पोचलो. तोच कट्टा. अव्वाने लिंगाला तेल लावलं, वाटीत उरलेलं सगळं. मग अप्पा जिथे टेकले होते तिथेच टेकली. मी शेजारी. ती रडत होती, मीही रडत होते, आणि तरी मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

"झाली त्यांची," ती म्हणाली. "ते त्या अंगानं हितपतुर आले. मी ह्या अंगानं आले."

पदराने तिने आधी माझे डोळे पुसले, मग स्वतःचे. रिकामी वाटी माझ्या हातात दिली आणि उठता उठता माझ्या खांद्याचा आधार घेत म्हणाली, "शैला, लई बरं झालं बग, तुला नकाशा वाचता येत न्हाय."